बाबांना ऐकू येईल अशी शिट्टी

बाबा मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनांवर ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन हिंगोलीत राहिले तेव्हा बारीक आवाज त्यांच्या कानांतून गेलेले होते. ट्रकची घरघर कळायची, पाखरांची चिवचिव नाही.

जर्मनीत नोकरीला असलेल्या माझ्या भावाने सुट्टीवर येताना त्यांच्यासाठी हुबेहूब छोटं वाफेचं इंजिन आणलं. त्याच्या पोटात नखाएवढा डिकोडर होता. इंजिनाच्या धापा, घंटा, शिट्टी सगळं त्याच्यातून यायचं, चाकंही त्याच्याच हुकमाने फिरायची. ओसरीवर रूळ मांडून भाऊ शिट्टी वाजवायचा, आम्ही हसायचो, आणि बाबा विचारायचे, "हिला शिट्टी काहून न्हाई?"

भाऊ परत गेला आणि त्याने खर्जातल्या शिट्टीची सीडी व कॉम्प्युटरला जोडायची डबी पाठवली. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, म्हणून ते काम माझ्यावर आलं. त्याने फोनवर बजावलं होतं की आवाज भरताना वीज जाता कामा नये, गेली तर डिकोडर कायमचा मुका होऊ शकतो. भारनियमनाचं वेळापत्रक आमच्याकडे होतं, पण वीज ते पाळत नसे.

दुपारी क्लास रिकामा असताना मी सुरुवात केली. बाबा शेजारी बसले होते. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि माझी नजर पंख्यावर होती. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि पंखा मंदावला. यूपीएस थोडा वेळ ओरडला, मग पडदा काळा झाला.

वीज आल्यावर इंजिन रुळावर ठेवलं. ते हललंही नाही. इंजिन परत जर्मनीला पाठवू, असं मी पुटपुटले. बाबांनी ते तळहातावर घेतलं, चाकांवरून बोट फिरवलं.

"थंड पडलेलं इंजिन पुन्हा पेटवतेत, बाई. पेटव."

आमच्या शेजारचे कापडवाले चाचा दुकानात इन्व्हर्टर ठेवत. दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर आणि इंजिन तिथे नेलं, बाबाही सोबत आले. गिऱ्हाइकं कापडाच्या ठाणांवरून डोकावत होती, पट्टी सरकत होती. एकदा दिवे लुकलुकले. चाचांनी दुकानातले पंखे बंद केले.

पट्टी भरली. मी बटण दाबलं.

जाड, घोगरी शिट्टी दुकानभर घुमली. बाबा दाराकडे बघत होते. ते वळले.

"जरा लांब दे," ते म्हणाले. "फाटकावर लोक असतेत."

मी बटण दाबून धरलं. त्यांचे डोळे भरले होते की घामाने चुरचुरत होते, मला विचारवलं नाही.

पुढे ते रोज संध्याकाळी इंजिन चालवायचे. मी स्वयंपाकघरात असले तरी शिट्टी होईपर्यंत माझा हात कामाला लागत नसे.