कॅनडाच्या बातम्यांखाली

दोन हजार एकवीसच्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती. मी मात्र ऑफिसचं काम संपलं की डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या फ्लॅटमधून, स्वयंपाकघरातल्या टेबलावरूनच थेट कॅनडात जायचे. तिथल्या बातम्यांच्या एका ऑनलाइन पानाखाली, कमेंट्समध्ये, लोक राजकारणावर हमरीतुमरीवर यायचे आणि मीही त्यात घुसून भांडायचे. "मॅमी, यू आर टायपिंग व्हेरी क्रॉस," मी किती रागाने टाइप करतेय ते मुलगी शेजारून सांगायची.

"तुला मतदानाचा हक्क ना तिकडे, ना इथल्या संसदेसाठी," नवरा म्हणायचा. "कुणी सांगितलीये ही नसती उठाठेव?"

कुणी सांगायला कशाला हवं? माझी ताई तिकडे होती. नाशिकला फिजिओथेरपिस्ट म्हणून नाव कमावलेली बाई तिथे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होती, कारण तिची डिग्री तिकडे अजून मान्य झाली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ती पार्किंगमध्ये गाडीत बसून मला फोन करायची. तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ असायची. एकदा बोलताना ती सारखी खोकत होती. घरी का जात नाहीस, असं विचारलं.

"टेस्ट निगेटिव्ह आहे. आणि घरी बसलं की पगार नाही गं," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी आजारपणाच्या पगारी रजेबद्दलची बातमी आली. हातात भलामोठा मासा धरलेला फोटो लावलेल्या एका गृहस्थाने खाली लिहिलं होतं, अशी रजा दिली तर सगळे सोमवारीच आजारी पडतील. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, माझी बहीण खोकत खोकत तुमच्यापैकीच कुणाच्या तरी आईला भरवते आहे, तिला घरी पाठवा आणि आठवडाभर तिच्या जागी तुम्ही या. रागाच्या भरात तिच्या गावाचं नावही लिहून टाकलं. वर फुशारकीने ते नाशिकला बाबांना पाठवलं.

बाबांना कॅनडाच्या राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. धाकटीचं इंग्रजी परदेशात वाचलं जातंय, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी ते माझ्या नावासकट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'आमच्या धाकटीने कॅनडावाल्यांना सुनावले.' तिथून कुणा आतेभावाने ते ताईच्या गावातल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर ढकललं. त्या ग्रुपवर ताईची सुपरवायझर होती. ताईने लग्नानंतरही माझ्यासारखंच माहेरचं आडनाव ठेवलं होतं, त्यामुळे बाईंना फार डोकं चालवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिजूंचा फोन आला. "अगं, ती कमेंट काढ. आमचे पीआरचे कागद अडकलेत. कामाच्या ठिकाणचं पत्र मिळालं नाही, तर आम्हाला इथे कायमचं राहता येणार नाही. आणि त्या पत्रावर सही त्याच बाईंची लागते."

"मी खोटं काय लिहिलंय?"

"खरं आहे म्हणूनच काढ."

"नाही काढणार," म्हटलं आणि फोन ठेवला. खोकणाऱ्या बाईला कामाला लावायचं आणि वर तिच्याच घरच्यांनी तोंड बंद ठेवायचं, हे मला मान्य नव्हतं. आजही नाही. पण ताईचा फोन आला तेव्हा माझा आवाज आपोआप खाली आला.

"बाईंनी बोलावलं होतं," ती म्हणाली. "तुझीच बहीण का, विचारलं."

"मग?"

"हो म्हटलं."

"काढू का गं?"

"काढ."

मी काढली. काढताना रडू आलं, आणि ते हरल्याचं होतं. पंधरा मिनिटांनी उगाच त्या बातमीखाली पुन्हा डोकावले, तर तिथे ताई होती. स्वतःच्या पूर्ण नावाने, साध्यासुध्या इंग्रजीत तिने मासेवाल्या गृहस्थाला लिहिलं होतं: 'ती खोकणारी बहीण मी. आज मी घरी जाते आहे, बिनपगारी. कुणाला काही विचारायचं असेल, तर मला विचारा.'

पीआरसाठी लागणारं ते पत्र तिला पुढे मिळालं, पण फार उशिरा आणि दुसरीकडे नोकरी धरल्यावर, तिथल्या मॅनेजरच्या सहीने. त्या संध्याकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं. मी घाबरून तिला फोन लावला.

"ताई, वेडी आहेस का? तुमच्या कागदांचं काय? आधी काढ ते!"

ती हसली आणि हसताना पुन्हा खोकली. "हेच सांगितलं ना तुला यांनी? तू काय म्हणालीस?"

"खोटं काय लिहिलंय, म्हटलं," मी पुटपुटले.

"मग?" ती म्हणाली. मागे तिची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.