मी सल्ला सोडला त्या चातुर्मासात

चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. मीही तेच सोडत आले. अमेरिकेत, सांता क्लारातल्या तिसऱ्या वर्षी मात्र आषाढी एकादशीला देवापुढे हात जोडून म्हटलं, "कार्तिकीपर्यंत कुणालाही सल्ला देणार नाही. तेवढा मृणालचा फोन येऊ दे!"

मृणाल माझी लेक, लांबच्या कॉलेजात. "आई, यू नेव्हर लिसन. यू जस्ट इन्स्ट्रक्ट!" म्हणून तिनं फोन आपटला होता. पाच आठवडे झाले, उचलत नव्हती.

शेजारची लिंडा रिटायर्ड नर्स. व्रत ऐकून म्हणाली, "मग आमच्या तंबूत चल. तिथे सल्ल्याला बंदीच आहे!"

म्युझिक फेस्टिव्हलला तिच्या ग्रुपचा तंबू असे. एलएसडी, नशेची मशरूम असलं काही घेऊन कुणी घाबरंघुबरं झालं, की आधी डॉक्टर तपासत. मग शेजारी शांत बसायला एक माणूस. त्या नुसत्या बसण्याचं चक्क ट्रेनिंग! आणि सल्ला बंद झाला की तोंडात एवढी जागा होते म्हणून सांगू, की किस्से साठतच जातात.

*

ट्रेनिंगचा पहिला दिवस. शिकवणारा दाढीवाला गॅरी घाबरल्याची अ‍ॅक्टिंग करत सतरंजीवर लोळला. "मी विरघळतोय!"

मी म्हणायचं होतं, "मी इथेच आहे." तोंडातून निघालं, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

गॅरी विरघळायचा थांबला. "नाही."

माझ्या डब्यातली दोन थालीपिठं संपवून म्हणाला, "तू नापास. पण उद्याही ये!"

*

घरी ह्यांच्यावर प्रॅक्टिस. ह्यांच्या ऑफिसात ले-ऑफ चालू, चेहरा उतरलेला. मी जवळ बसले, हळूच म्हटलं, "मी इथेच आहे."

"ते दिसतंय गं," हे म्हणाले. "चहा कुठे आहे?"

*

मग खरा फेस्टिव्हल. भर दुपारी एक अगडबंब ट्रक ड्रायव्हर आला, दंडभर टॅटू. "तंबू श्वास घेतोय!" म्हणून थरथरत होता. नियम असा, की वाद घालायचा नाही, होला हो करायचं नाही. मी आपली जपमाळ ओढत बसले. त्यानं हात पुढे केला, मी माळ दिली. दोन तास लेकरासारखा मणी ओढत बसला.

निवळल्यावर ओशाळून म्हणाला, "मॅम, मी चाळिसाव्या मण्याला मोजणं चुकलो."

"मी तीस वर्षं चुकतेय," मी म्हटलं. "चालतं!"

*

दुसरी एक मुलगी. माझी साडी, कुंकू, पायात स्नीकर्स बघून डोळे विस्फारले. "तू देवी आहेस का? खरं सांग!"

"नाही गं. सांता क्लाराहून आलेय."

तिनं सुटकेचा श्वास सोडला. "मग खरीच आहेस. देवी सांता क्लाराहून कशाला येईल!"

*

आणि मृणाल? अहो, श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळीचा फराळ संपला. कार्तिकीला चार दिवस उरले, आणि एका सकाळी फोन!

"आई..." आणि नुसतं रडणं. जिभेवर सतरा सल्ले रांग लावून उभे. मी कॉर्डलेस घट्ट धरला. "मी इथेच आहे, बाळा."

मग ती बोलत सुटली. इंजिनीअरिंग नकोसं झालंय, झोप नाही, मुद्दाम फोन घेत नव्हते. मी "हं" म्हणत राहिले. तासाभरानं नाक ओढत म्हणाली, "आई, मी काय करू? तूच सांग ना."

जन्मात पहिल्यांदा पोरीनं सल्ला मागितला, आणि व्रत सुटायला चार दिवस!

"रविवारी सांगते," मी म्हटलं. "तोवर रोज फोन कर. मी ऐकतेय."

पलीकडून घाबरा आवाज, "आई, तू बरी आहेस ना? बाबांना फोन दे!"

*

तर मैत्रिणींनो, यंदा वांगं खुशाल खा. सोडायचंच, तर एवढं सोडून बघा. हा सल्ला नाही हं, विनंती आहे!