शेजारच्या विहिरीतले जीव

जगातल्या झाडून साऱ्या किड्यामुंग्यांना एक आई असेल, तर ती सांगलीतली माझी जैन घरमालकीण. आणि तिची लेकरं परक्या विहिरीत ओतण्याचा मूर्खपणा मी स्वतःच्या हातांनी केलेला आहे. तेव्हा आमचा सातारा इंग्रजांचा आणि सांगली संस्थान. त्यामुळे फौजेतल्या वडिलांनी मला सांगलीच्या हायस्कुलात घातलं, तेव्हा मी परदेशी शिकायला निघाले असं आमच्या खेड्यात घरोघर सांगून आले होते. अक्कल तेवढी बरोबर न्यायची राहिली.

मी तिला आक्का म्हणे. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घ्यायची नाही. दारात उभी राहून मावळतीकडे असं बघे, की सूर्यालाच बुडायचा संकोच वाटावा. चुलीत घालण्याआधी प्रत्येक लाकूड हलकेच आपटून आतल्या मुंग्यांना बाहेर यायची विनंती करी. कांदा-लसूण उंबऱ्याबाहेर. माझ्या ट्रंकेत मात्र आईनं दिलेली लसणाची चटणी. मी चोरून डबा उघडला, की आक्का नेमकी माजघरातून म्हणे, “आज नाक चोंदलंय गं माझं.” वर्षभर त्या बाईचं नाक चोंदलेलं होतं, आणि मी स्वतःला भारी हुशार समजत होते.

तिचं खरं वेड पाण्याचं. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, फडक्यावर राहिलेले बारीक जीव वाटीभर पाण्यात घ्यायचे आणि ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत अलगद सोडून यायचे. एकदा तिला ताप भरला म्हणून ते काम मी मागून घेतलं. आमची विहीर मागच्या परड्यापलीकडे, शेजाऱ्यांची मात्र अगदी आमच्या दाराशी. पाणी ते पाणी, असं म्हणत मी वाटी तिथंच रिकामी केली, आणि वर ही युक्ती तिला कौतुकानं सांगितली.

आक्कानं परक्या पाण्यात मेलेल्या जिवांचं प्रायश्चित्त घेतलं. तापातच दिवसभर उपाशी राहिली. आता ही मला ठेवून घेणार नाही, असं मी धरून चालले. ही खोली गेली की शाळा गेली, आणि गावाकडे मामांनी स्थळ हेरूनच ठेवलेलं. हाकलून देण्याआधी आपणच निघावं, म्हणून ट्रंक ओढत दारात आणली आणि म्हटलं, येते आक्का. ती गोधडीतून उठली, भिंतीला धरत आली आणि ट्रंकेवर बसली.

“जिथला जीव तिथंच सोडावा, ह्यो आमचा धरम हाय. पर तुला काय मी माघारी सोडत न्हाई, पोरी. ठेव ती ट्रंक आत.”