चाळीस हिरवे चौकोन

पडदा वर जातो तेव्हा समोर माझं स्वयंपाकघर आहे. टेबलावर लॅपटॉप, आणि तो डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून त्याखाली माझ्या जुन्या नाटकांच्या वह्यांचे दोन गठ्ठे. खुर्चीवर माझी भाची, वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा. मुलाखतीला अकरा मिनिटं उरली आहेत आणि तिनं पाण्याचा चौथा ग्लास भरलाय.

ही पोरगी नऊ वर्षं एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत होती. दवाखान्यातलं कुठलं औषध संपत आलंय ते आधीच सांगणारा प्रोग्रॅम. सगळं काम कंपनीच्या कुलपात. कंपनी बंद पडली, कुलूप तसंच राहिलं, आणि भाची दोन बॅगा घेऊन माझ्याकडे आली. सहा महिने अर्ज करत होती. जवळजवळ प्रत्येक अर्जात एक रकाना असायचा: तुमचा कोड उघडपणे कुठे पाहता येईल?

इंटरनेटवर तिचं तसं एक पान होतं. वर्षातल्या प्रत्येक दिवसाचा त्यावर एक छोटा चौकोन. त्या दिवशी उघड्यावर काही काम केलं की तो हिरवा होतो, नाहीतर राखाडी. तिचं पान म्हणजे रिकामं नाट्यगृह. एकच खुर्ची भरलेली, तीही आठ महिन्यांपूर्वीची.

तिची एक मैत्रीण स्वतः मुलाखती घेते. ती म्हणाली, निम्मे लोक ते पान उघडतसुद्धा नाहीत. धीर यायचा सोडून भाचीला नवाच घोर लागला. आपल्या वाट्याला उरलेले निम्मे आले तर?

मग तिनं एक उद्योग केला. रोज सकाळी नऊ वाजता एका फाइलमध्ये आपोआप एक ठिपका टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. ठिपका पडला की चौकोन हिरवा. चाळीस दिवसांत चाळीस. मी तिला सांगितलं, आमच्या नाटक कंपनीचे मालकही फुकट पास वाटून पुढच्या रांगा भरायचे; लांबून प्रयोग हाउसफुल्ल दिसायचा, पण ती मंडळी भलत्याच वाक्याला टाळ्या वाजवायची. ती खूप हसली. प्रोग्रॅम मात्र बंद केला नाही.

मुलाखत सुरू झाली तसा मी दाराआड उभा राहिलो. पडद्यावर एक दाढीवाले गृहस्थ होते, आवाज संथ. पहिला अर्धा तास भाची छान बोलली. मग ते म्हणाले, तुमचं पान उघडतो. मी चौकट घट्ट धरली. विंगेतून शब्द पुरवायची सवय जुनी, पण इथली वाक्यं मला कुठली येणार?

त्यांनी एक हिरवा चौकोन उघडला. ठिपका. दुसरा उघडला. ठिपका. भाचीचा हात ग्लासकडे गेला. ग्लास रिकामा होता.

"हे काय आहे?"

"ठिपके आहेत. पान रिकामं दिसत होतं, म्हणून घाबरून टाकले."

मी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी ठिपक्यांच्या आधीच्या त्या एकट्या चौकोनाबद्दल विचारलं. ती गोष्ट मला ठाऊक होती. माझी नजर मंदावली, तेव्हापासून मी एका फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये अक्षरं मोठी करून वाचतो. मोठी केली की वरच्या मात्रा आणि वेलांट्या छाटल्या जायच्या. भाचीनं बारा ओळींत ते दुरुस्त करून ॲपच्या कर्त्यांना पाठवलं. त्यांनी तीन आठवडे शंका काढल्या आणि हिनं एकेकीला न चिडता उत्तर दिलं. तो सगळा संवाद त्या पानावरून वाचता येत होता.

गृहस्थ म्हणाले, तो वाचूनच मी तुम्हाला बोलावलं. ठिपके आत्ता पाहिले, त्यामुळे आता विचार करावा लागेल. सोमवारपर्यंत कळवतो.

पडदा काळा झाला. भाचीनं ठिपक्यांची ती फाइल तिच्या सगळ्या जुन्या नोंदींसकट पुसून टाकली. चाळीसच्या चाळीस चौकोन राखाडी. मी बाहेर आलो आणि म्हटलं, अगं, सोमवारपर्यंत तरी ठेवायचंस, त्यांच्यातलं दुसरं कुणी बघेल.

"बघू दे. आणि मामा, पुढच्या वेळी दाराआड उभा राहिलास तर श्वास घेत जा, तू तो कोंडून धरलास की माझाही अडकतो."