गाडी भरली की सोडायची

"तू दिवसभर त्या कर्नेलमध्ये नेमकं करते काय?" बाबांनी विचारलं आणि मला सांगायची खुमखुमीच आली. कुंभार पिंपळगावात घरी बसून मी पुण्याच्या कंपनीचं काम करते. गावात कोणाला त्याचं कौतुक न्हाई.

"कर्नेल म्हंजे कॉम्प्युटरचा गाभा. त्यातून माहिती बाहेर जाते ती तुकड्या-तुकड्यानं, पॅकेट म्हणतात त्याला. आधी दर तुकड्याला नेटवर्क कार्डाला हाक मारावी लागायची. आता मी तुकडे जमू देते अन् एकदाच हाक मारते. फाट्यावरच्या चाचांच्या काळी-पिवळी जीपवानी. गाडी भरली की सोडायची."

"अन् न्हाई भरली तर?"

"भरतेच हो, बाबा!"

चाचणीत वेग असा वाढला होता की साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिल्ती. मी हवेत होते.

बाबांना डायलिसिससाठी जालन्याला जावं लागतं. वेळ चुकली की मशीन दुसऱ्याला देतात. म्हणून ते लवकर जाऊन रिकाम्या जीपमध्ये बसतात. कोणी बसलेलं दिसलं की सवाऱ्या चढतात, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मी सोबत होते. बाजार आदल्या दिवशीच झालेला, फाट्यावर चिटपाखरू न्हाई. बाबांचे पाय सुजलेले, त्यात दम लागायला लागला. माझं डोकंच फिरलं.

"चाचा, काढा ना गाडी! माणूस मरायला टेकलाय इथं!"

"बेटी, दोघांवर डिझेलचा खर्चबी निघत न्हाई. चार सवाऱ्या येऊ दे, मंग जल्दी नेतो."

बराबर हाच हिशोब मी स्वतः लिहिला होता. "अन् न्हाई भरली तर?" असं बाबांनी विचारलंबी होतं.

शेवटी बाबांचा चेहरा बघून चाचांनी चावी फिरवली. पण पोचलो तेव्हा मशीनवर दुसराच पेशंट होता. बाबा बाकावर डोळे मिटून बसले आणि मी त्यांच्या छातीकडं बघत राह्यले, हलतेय ना म्हणून. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती.

उशिरा मशीन मोकळं झालं तेव्हा कुठं त्यांचं डायलिसिस झालं. घरी येऊन कोड उघडला. चाचणीत गाडी कायम खच्चून भरलेली, म्हणून दिसलं नव्हतं: एकटाच तुकडा आला तर मी त्याला उगाच खोळंबून ठेवत होते, मागून कोणीतरी येईल या आशेवर. बदल केला. मागं कोणी नसेल तर लगेच सोड. वेगाचा आकडा थोडा उतरला.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी साहेबांचा फोन आला तेव्हा मी फाट्याकडं निघाले होते, खांद्याला बाबांच्या औषधांची पिशवी.

"एवढा चांगला आकडा का घालवला? एकट्यादुकट्या पॅकेटसाठी?"

समोर चाचांची जीप उभी होती. सगळ्या सीटा रिकाम्या, खिडकीशी तेवढे बाबा.

"हो सर," मी म्हटलं. "त्यात माझे बाबा बसलेत."