किसनभाऊंचं चौथं खाचर

"चपला भाईर काढ! आन् मशीनमदी जागा मागाय आला असशील, तर तू बी भाईर हो!"

लोणावळ्याजवळच्या आमच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी माझं असं जंगी स्वागत झालं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर एकच, खोलीभर पसरलेला, आणि त्याच्यावर राज्य लोहगडवाडीच्या किसनभाऊंचं; मी त्यांचा नवा मदतनीस. भातशेतीत वाढलेला हा माणूस एका मशीनच्या पोटात चार मशिनं थाटायचा. स्टोअर, हजेरी, उत्पादन, प्रत्येक खात्याला वाटे मशीन आपल्या एकट्याचंच! भाऊ फळ्यावर खडूनं चार खाचरं आखत, मध्ये बांध घालत आणि तिन्हींत खात्यांची नावं लिहीत. चौथं कोरं.

"हे कुणाचं?" विचारलं की लाकडी पट्टी टेबलावर आदळे. "कुनाचंच न्हाई! एकाचं काम फुगलं, तर कुटं सांडायचं? तुज्या टकुऱ्यात?"

नव्या साहेबांना ते चौथं हवं होतं, स्वतःच्या तक्त्यांसाठी. भाऊ कडाडले, "साहेब, माजी खुर्ची मागा, आत्ता देतो. खाचर न्हाई!"

पण भाताची लावणी आली आणि भाऊ चार दिवस गावी गेले. साहेब मला गोड आवाजात म्हणाले, "अहो, रिकामंच तर आहे." मी नाटकातल्यासारखा कमरेत वाकलो, मशीनमधली ती जागा त्यांच्या नावे केली आणि फळ्यावर झोकदार अक्षरात त्यांचं नाव लिहिलं.

महिनाअखेरीला उत्पादनाचं काम फुगलं. सांडायला जागा नव्हती. मशीन अडलं, कामाच्या याद्या निघेनात, अख्खं वर्कशॉप हात बांधून उभं. भाऊ आले ते पोटऱ्यांवरच्या चिखलासकट.

"तुमचं नियोजन चुकलं, किसनराव," साहेब म्हणाले.

भाऊंनी फळा पाहिला. माझं अक्षर ते ओळखत होते. माझ्याकडे बघत उभे राहिले. एरवी बोलायला न थांबणारा मी गप्प! भाऊंनी ओल्या फडक्यानं साहेबांचं नाव पुसलं, बांध पुन्हा आखला आणि साहेबांनी पुढे केलेला बदलीचा कागद घेऊन गोदामात गेले.

वर्षभरानं साहेबांनी पुन्हा तीच जागा मागितली, आता माझ्याकडे. मी पट्टी अशी आपटली की तिचे दोन तुकडे झाले! ते तुकडे नाचवत मी गोदामात धावलो, सगळा प्रसंग साभिनय करून दाखवला.

भाऊंनी मान वर केली नाही.

"तवा कुटं गेलती पट्टी?"