थोडं थांबा

तिच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते जिन्यात. आमच्या दोघींच्या दारांमधल्या खिडकीशी ती उभी होती. एक चप्पल पायात, दुसरी हातात, आणि फोन काचेला टेकवलेला. मी भाजीची पिशवी घेऊन वर येत होते.

"बाई, हलू नका हं जरा," ती म्हणाली, जणू माझ्यामुळेच रेंज जाणार होती. मीही पायरीवर शहाण्यासारखी उभी राहिले. तेवढ्यात फोनमधून शाळा सुटल्यासारखी घंटा वाजली. तिनं झटकन अंगठा टेकवला, "मिळाली," म्हणाली आणि दुसरी चप्पल पायात सरकवत खाली पळाली.

मिळाली म्हणजे शिफ्ट. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ती घड्या घालायची, पण लाँड्रीची नोकर नव्हती. माणसं पुरवणारी एक कंपनी होती, तिचं ॲप होतं. हात कमी पडले की लाँड्री ॲपवर कळवायची, घंटा वाजायची आणि ज्याचा अंगठा आधी पडेल त्याला काम मिळायचं. शिफ्ट संपली की मुकादम प्रत्येकाला स्टार द्यायचा. स्टार चांगले असतील तर पुढची घंटा तुमच्याकडे आधी वाजते, एकच स्टार पडला तर वाजतच नाही. तळमजल्यावरच्या शिंप्यानं तिचं नाव घंटीताई ठेवलं आणि ते सगळ्या इमारतीनं उचललं. तिला राग नव्हता. "वाजते तोवर बरंय," म्हणायची.

मग ती वाजेनाशी झाली.

हे तिनं मला गच्चीवर सांगितलं, माझी चादर घडी करताना. चादरीची घडी दोघांनी घालायची असते, समोरासमोर. "बाई, टोक नाकापर्यंत नेऊ नका, माझ्याकडे आणा," असं मला दटावत ती मधूनमधून बोलत होती. तिच्या मुकादमाची एक सवय होती. शिफ्ट संपली की तो दारात उभा राहायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "थोडं थांबा." त्या थोड्याला शेवट नसायचा आणि ते ॲपवर कुठंच दिसायचं नाही. सगळे थांबायचे. त्या दिवशी तिच्या मुलीला ताप होता. ती म्हणाली, "दादा, वेळ संपली." तो हसून म्हणाला, "बरं ताई, जा."

घरी पोचेपर्यंत फोनवर एक स्टार आला होता. खाली कारण: सहकार्य नाही.

ती लाँड्रीच्या फाटकावर गेली. रखवालदार म्हणाला, ॲपवर नाव नाही तर मी आत कसा सोडू. कंपनीच्या नंबरवर एक मुलगी तेच ते बोलायची, तीही मशीनमधली. शेवटी तिनं मुकादमाला रस्त्यात गाठलं.

"मला का काढलंत?"

"मी कुठं काढलं ताई? हल्ली कुणी कुणाला काढत नाही. आम्ही फक्त मत नोंदवतो."

नवरा रंगारी, त्याचं काम असेल तर असेल. त्यांनी दोनातली एक खोली सोडली आणि मुलीला मावशीकडे शिकायला पाठवलं. मुलगी गेली त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली, चहाला हात लावला नाही. म्हणाली, "बाई, त्याचा फोन मला मुका झालेला बघायचाय. मग मी मरायला मोकळी." मी तिची समजूत घातली. तिनं ती नीट ऐकून घेतली आणि बाजूला ठेवून दिली.

पुढे दवाखान्यांचे कपडे धुणाऱ्या एका लहान लाँड्रीत तिला थेट काम मिळालं. मालक जुन्या वळणाचा, माणूस बघून ठेवणारा. काही वर्षांत घडीचं सगळं टेबल तिच्या हाताखाली आलं. मग मालकाच्या मुलानं कारभार घेतला, गर्दीच्या दिवसांसाठी तेच ॲप आणलं आणि स्टार द्यायचा फोन तिच्याकडे दिला. त्याच सुमारास मोठ्या लाँड्रीनं आपले मुकादमही कमी करून ॲपवर टाकले.

एके सकाळी तिच्या फोनवर त्याचा फोटो आला. केस पिकलेले, पण तोच. नको म्हणायला एक बोट पुरलं असतं. तिनं त्याला घेतलं.

पहिल्याच दिवशी त्याला घडीच्या टेबलावर आपल्या समोर उभं केलं. चादरीची दोन टोकं त्याच्या हातात, दोन तिच्या. मध्येच तो म्हणाला, "ताई, आपण कुठं भेटलोय का?"

"भेटलोय तर. म्हणून तर तुम्हाला घेतलं, दादा."

शिफ्ट संपल्यावर ती दारात उभी राहिली. "थोडं थांबा." तो थांबला. दुसऱ्या दिवशीही थांबला. त्याला ती रोज पाच स्टार द्यायची. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "सवय लागू दे की बाई. घंटेची सवय लागल्याशिवाय ती बंद झालेली कळत नाही." हे ती चष्मा पुसत, शांतपणे म्हणाली.

एक दिवस त्याच्या बायकोला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. तो हात जोडून म्हणाला, "ताई, आज वेळ संपली. जाऊ का?"

"बरं दादा, जा."

एक स्टार. सहकार्य नाही.

काही दिवसांनी तो आमच्या जिन्यात आला. खिडकीशी उभा राहून फोन काचेला लावून बघत होता. मी पाणी दिलं, ते प्याला. तिनं दार उघडलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ताई, घंटा वाजतच नाही."

"मी कुठं काढलं दादा? आम्ही फक्त मत नोंदवतो."

दार लावलं नाही तिनं. तो शेवटच्या पायरीपर्यंत उतरेतो बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमची चादर वाळली असेल, चला." वर तिनं घडी नेहमीसारखी घातली, कडा चोख. मी मात्र माझं टोक दोनदा सोडलं.

"त्याची बायको आजारी आहे गं," मी म्हटलं.

"माझ्या मुलीला ताप होता," ती म्हणाली.

आता दोन्ही शिफ्ट तिच्या हाताखाली आहेत आणि सोडलेली खोली त्यांनी परत घेतली आहे. मुलगी मावशीकडेच राहते. तिथं रुळली आहे, रविवारी फोन करते.